थेंबांचा हिशेब : पाणी आणि क्षारांच्या बिघाडातील परिचर्या

नागपूरहून दक्षिणेला निघालेला महामार्ग साधारण तीस किलोमीटरवर बुटीबोरीला पोहोचतो. इथे वर्ध्याचा रस्ता फुटतो आणि मुख्य रस्ता हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो. या फाट्याच्या आसपास पसरलेल्या एमआयडीसीत पॉलिएस्टरचा धागा निघतो, टायर तयार होतात, पोलाद वितळते. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मे अखेरच्या नवतपाच्या दिवसांत पारा 45च्या पुढे जाणे इथल्या माणसाला नवे नाही. बाहेर असे ऊन आणि आत भट्टीची धग, या दोहोंच्या मध्ये उभे राहून इथला कामगार पाळी भरतो.

अशा गावात पाणी आणि क्षारांचा बिघाड अनेक रूपांनी समोर येतो. पाळी संपता संपता पोटऱ्यांत गोळे आलेला तरुण. जुलाबाने डोळे खोल गेलेले मूल. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारी आणि दोन दिवसांपासून असंबद्ध बोलणारी आजी. भाजून आलेला माणूस. डायलिसिस चुकलेला रुग्ण. आजारांची नावे वेगळी असली तरी प्रत्येकाच्या रक्तातला पाणी, सोडियम, पोटॅशियम यांचा तोल गेलेला असतो.

उपचाराचे साहित्य जवळजवळ सगळे स्वस्त आहे : पाणी, मीठ, साखर, थोडे पोटॅशियम. तरीही माणसे दगावतात. काय द्यायचे हे बहुतेक वेळा ठाऊक असते. किती द्यायचे, किती वेगाने द्यायचे आणि कधी थांबायचे, हे मात्र दर तासाला नव्याने ठरवावे लागते. त्यासाठी रुग्णाजवळ कोणीतरी मोजणारे, पाहणारे, लिहिणारे माणूस लागते. ते माणूस म्हणजे परिचारिका. या बिघाडांत जीव वाचवणारा घटक बाटलीत जितका असतो, तितकाच खाटेशेजारच्या नोंदीत असतो, हे या आढाव्यातून दाखवायचे आहे.

शरीरातले पाणी कुठे असते

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा साधारण 60 टक्के भाग पाणी असतो. स्त्रीच्या शरीरात हे प्रमाण थोडे कमी असते आणि नवजात बाळात 70 ते 75 टक्क्यांपर्यंत जाते. या पाण्यापैकी दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि एक तृतीयांश पेशींच्या बाहेर असते. बाहेरच्या पाण्याचा राखणदार सोडियम आहे. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असते. आतल्या पाण्याचा राखणदार पोटॅशियम. तो बहुतांश पेशींच्या आतच असतो आणि रक्तात फक्त 3.5 ते 5 एवढाच सापडतो. म्हणून रक्तातल्या पोटॅशियममध्ये एक-दोन आकड्यांचा फरकही हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतो.

या मांडणीवरून परिचर्येचे दोन नियम निघतात. पहिला असा की किती पाणी गेले यासोबत कोणत्या कप्प्यातले गेले हेही पाहावे लागते. घामाने आणि जुलाबाने पाण्यासोबत मीठ जाते. नुसते पाणी प्यायल्यास पाणी भरून येते, मीठ येत नाही. दुसरा असा की पायाला सूज आलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या कोरड्या असू शकतात. डेंग्यूत ताप उतरल्यावर रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो तेव्हा नेमके हेच होते. ताप गेला म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि खरी जोखमीची वेळ तेव्हाच सुरू झालेली असते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हातपाय गार पडणे, लघवी घटणे या खुणा त्या वेळी जो टिपतो, तो रुग्णाला वाचवतो.

दोनशे वर्षांचा धडा

शिरेतून मीठ-पाणी देण्याची कल्पना कॉलऱ्यातून आली. 1831-32च्या साथीत विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरने कॉलरा झालेल्यांचे रक्त तपासले. त्यातले पाणी आणि क्षार निघून गेल्याचे त्यांनी दाखवले. हेच ओ'शॉनेसी पुढे भारतात आले आणि इथल्या तारायंत्रणेच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडले गेले. त्यांच्या निष्कर्षावर विसंबून 1832 मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी मरणाच्या दारातल्या रुग्णांना शिरेतून खारे पाणी दिले. निपचित पडलेले रुग्ण उठून बसले. काही पुन्हा खालावले, कारण गळती चालू होती आणि भरपाई थांबली होती. एकदा भरून भागत नाही, जाते तितके भरत राहावे लागते, हा धडा पहिल्याच प्रयोगाने दिला होता. तो अंगी बाणायला वैद्यकाला पुढे बराच काळ लागला.

दुसरा धडा बुटीबोरीसाठी अधिक जवळचा आहे. 1923 मध्ये इंग्लंडमध्ये के. नेव्हिल मॉस यांनी कोळसा खाणीतल्या कामगारांच्या पेटक्यांचा अभ्यास मांडला. खोल, उष्ण खाणीत घाम गाळणारे हे लोक पाणी भरपूर पीत होते आणि तरी त्यांच्या स्नायूंत गोळे येत होते. घामातून गेलेले मीठ परत मिळत नव्हते, हे कारण पुढे आले. पाण्यात थोडे मीठ घालताच त्रास कमी झाला. म्हणजे भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘पाणी पी’ एवढे सांगून पुरत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते.

तिसरा धडा आपल्या देशाचा. 1953 मध्ये कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी तोंडाने ग्लुकोज-मिठाचे पाणी देऊन कॉलऱ्याचे रुग्ण बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायची बाटली संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांतून वाटायला सुरुवात केली. ते पाजणारे बहुतेक हात नातेवाइकांचे होते. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते, एवढेच यामागचे शास्त्र. ते वाटीचमच्याने अमलात आणले ते रुग्णाशेजारी बसलेल्यांनी.

ऊन लागलेला कामगार

उन्हाच्या त्रासाच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर वेगळी परिचर्या लागते. आधी पेटके येतात. मग थकवा, डोके दुखणे, मळमळ, भोवळ, भरपूर घाम. या टप्प्यावर माणूस शुद्धीत असतो. त्याला सावलीत आडवे करणे, पाय थोडे वर ठेवणे, कपडे सैल करणे आणि जलसंजीवनी (ओआरएस) घोट-घोट पाजणे पुरेसे ठरते. शेवटची पायरी उष्माघाताची. शरीराचे आतले तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि मेंदू बिघडतो. माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्धी येते. भट्टीवर राबणाऱ्या तरुणाला या अवस्थेतही घाम येत असू शकतो. ‘घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज म्हणूनच जीवघेणा आहे.

इथे पहिले औषध गारवा. अंग ओले करून वारा घालणे, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणे, हे 108ची रुग्णवाहिका येण्याआधी सुरू झाले पाहिजे आणि गाडीतही चालू राहिले पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. रुग्णालयात आल्यावर परिचारिकेने लघवीचा रंग पाहायचा. चहासारखी काळपट लघवी म्हणजे स्नायू वितळत असल्याची आणि त्यातले पोटॅशियम रक्तात उतरत असल्याची खूण. मूत्रपिंड वाचवायचे तर ती त्याच तासाला डॉक्टरांच्या कानावर गेली पाहिजे.

प्रतिबंधाचे आकडेही स्पष्ट आहेत. उष्ण जागी कष्टाचे काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे 240 मिली पाणी प्यावे. तासाला दीड लिटरच्या आतच राहावे, कारण त्याहून जास्त पाण्याने रक्तातले सोडियम पातळ होते. पाळी लांबली तर मीठ असलेले पेय द्यावे. नव्या कामगाराने पहिल्या दिवशी उष्ण जागी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम करावे आणि रोज तितकेच वाढवत न्यावे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सुटीवरून परतलेल्यालाही काम टप्प्याटप्प्यानेच वाढवावे लागते. अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पिण्याचे पाणी आणि पाचशेहून अधिक असतील तिथे परिचारिकेसह सुसज्ज उपचारकक्ष, ही चौकट 1948च्या कारखाना अधिनियमानेच घालून दिली. त्या कक्षातल्या सिस्टरला कामगारांचे पाळीआधीचे आणि पाळीनंतरचे वजन घेण्याची मुभा आणि वेळ मिळाला, तर कामगाराला त्रास होण्याआधीच तिला धोका दिसेल. पाळीत घटलेला एक किलो म्हणजे गेलेले एक लिटर पाणी.

अहमदाबादने 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला. त्यापाठोपाठ 2016 मध्ये नागपूर महापालिकेनेही तसा आराखडा हाती घेतला. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या भर उन्हातल्या सोहळ्यानंतर 14 माणसे गेली, तेव्हा उन्हाचा बळी केवळ विदर्भात जातो हा समजही गेला. आराखडे शहरांचे आहेत. कारखान्यांच्या पट्ट्यात, जिथे माणूस ऊन टाळू शकत नाही, तिथे त्यांची गरज सर्वाधिक आहे.

जुलाबाचे मूल

पावसाळ्याच्या तोंडावर चित्र बदलते आणि मुले येऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने इथे तीन आराखडे घालून दिले आहेत. शुष्कता नसेल तर घरीच, दर जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली आणि मोठ्याला 100 ते 200 मिली जलसंजीवनी. काहीशी शुष्कता असेल, म्हणजे मूल चिडचिडे, डोळे खोल, हपापून पाणी पिणारे, तर चार तासांत किलोमागे 75 मिली. दहा किलोच्या मुलाला हे पाऊण लिटर होते. तीव्र शुष्कता असेल, म्हणजे मूल निपचित आणि पिऊ न शकणारे, तर शिरेतून किलोमागे 100 मिली रिंगर लॅक्टेट (आरएल). एक वर्षावरच्या दहा किलोच्या मुलाला पहिल्या अर्ध्या तासात 300 मिली आणि पुढच्या अडीच तासांत 700 मिली.

आकडे पाठ होतात. खरा कस लागतो तो पाजण्यात. उलटी झाली की आई थांबते आणि ‘काही ठरत नाही’ म्हणते. अनुभवी सिस्टर तिला दहा मिनिटे थांबायला आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायला सांगते. अंगावरचे दूध बंद करू देत नाही. सोबत जस्ताची गोळी 14 दिवस : सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानाला 10. जुलाब थांबले की गोळी सुटते, म्हणून पूर्ण 14 दिवसांची आठवण करून देणे हे आशाताईंचे काम महत्त्वाचे.

पाकिटावरही लक्ष हवे. आजच्या सूत्राप्रमाणे एका लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. द्रावणाची पूर्वीची तीव्रता (ऑस्मोलॅरिटी) 311 होती, ती 2002 पासून 245 झाली, कारण पातळ द्रावणाने जुलाबाचे प्रमाण आणि सलाईनची गरज दोन्ही घटली. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर तेच औषध अपाय करते. बाजारातल्या गोड पेयांनी ‘ओआरएस’ हे नाव बराच काळ मिरवले. भरपूर साखरेचे पेय आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे प्रत्येक घराला ठाऊक असावे.

कुपोषित मूल हा वेगळा विषय आहे. त्याची कातडी आधीच सैल असते, डोळे आधीच खोल असतात, त्यामुळे शुष्कतेच्या खुणा फसवतात आणि दुबळे हृदय जादा पाणी झेलत नाही. जादा पाण्याचा धोका इतर गंभीर मुलांनाही असतो. 2011 मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक तापाच्या गंभीर मुलांवरचा ‘फीस्ट’ अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झटपट जास्त द्रव दिला, त्यांच्यातले 48 तासांतले मृत्यू साडेदहा टक्के होते. ज्यांना तसा दिला नाही, त्यांच्यात सव्वासात टक्के. जुलाबाने सुकलेली मुले त्या अभ्यासात नव्हती, म्हणून वरचे आराखडे कायम आहेत. मूल थंड पडले की बाटली जोरात सोडायची ही सवय मात्र या अभ्यासाने मोडीत काढली. द्रव देताना श्वास आणि नाडी दोन्ही वाढू लागले की थांबायचे, हे ठरवणारी नजर तिथे लागते.

सोडियम : उतावीळपणाची किंमत

उतारवयात तहान मंदावते. त्यात लघवीच्या गोळ्या, उन्हाळा आणि ‘बीपी आहे म्हणून मीठ बंद’ हा घरचा कारभार एकत्र आले की सोडियम उतरते. सुस्ती, गोंधळ, तोल जाणे, क्वचित झटके. घरचे म्हणतात, वय झाले. रक्ततपासणीत आकडा 115 निघतो.

इथे घाई घातक आहे. झटके येत असतील तर तीन टक्के सलाईनचे मोजके छोटे डोस देऊन जीव वाचवावाच लागतो. पण एरवी चोवीस तासांत सोडियम आठ ते दहा अंकांहून जास्त चढू देऊ नये. मेंदूच्या पेशींनी कमी सोडियमशी जुळवून घेतलेले असते. आकडा भराभर चढवला तर मेंदूतल्या चेतातंतूंचे आवरण उतरते आणि काही दिवसांनी माणूस बोलणे, गिळणे, हलणे गमावतो. यातली सर्वांत मोलाची नोंद लघवीची. अचानक पातळ, भरपूर लघवी होऊ लागली की सोडियम आपोआप उसळणार, हे लघवीची पिशवी रिकामी करणाऱ्या हाताला सर्वांत आधी कळते. सिस्टरने तेव्हाच कळवले तर धोका टळतो. सोडियम चढलेला रुग्ण, म्हणजे अंथरुणाला खिळलेला, स्वतः पाणी मागू न शकणारा, त्याचा आकडाही असाच हळूहळू खाली आणायचा असतो. त्याच्या बाबतीत तर आजाराचे मूळच कोणी पाणी विचारले नाही यात असते. वृद्धांची शुष्कता पाहताना हातावरची कातडी ओढून पाहणे फसवे ठरते. कपाळ किंवा छातीच्या हाडावरची कातडी, जिभेचा कोरडेपणा आणि वागण्यातला बदल अधिक खरे सांगतात.

पोटॅशियम : अ‍ॅम्प्यूलमधला धोका

वॉर्डाच्या ट्रॉलीवर दहा मिलीचे पोटॅशियम क्लोराइडचे अ‍ॅम्प्यूल असते. त्यात सहसा 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते सरळ शिरेत सोडले तर हृदय थांबते. म्हणून नियम कडक आहेत : कधीही थेट टोचायचे नाही, बाटलीत नीट हलवून मिसळायचे, हातावरच्या शिरेतून देताना लिटरमागे 40हून जास्त नाही आणि तासाला 10हून जास्त नाही, त्यापुढे गेल्यास मॉनिटर हवा. आणि त्याआधी एक प्रश्न विचारायचा : रुग्णाला लघवी होते आहे का? मूत्रपिंड बंद असेल तर दिलेले पोटॅशियम बाहेर जायला वाट नसते. अनेक देशांत हे तीव्र अ‍ॅम्प्यूल सर्वसाधारण वॉर्डातून काढूनच टाकले आहे. आपल्याकडे किमान ते डिस्टिल्ड वॉटरच्या अ‍ॅम्प्यूलपासून वेगळ्या, लाल खूण केलेल्या खणात ठेवावे आणि मिसळताना दुसऱ्या सिस्टरने तपासावे.

पोटॅशियम वाढल्याचा अहवाल आला तर आधी रुग्णाकडे, मग नमुन्याकडे पाहावे. पट्टा बराच वेळ आवळून, मूठ उघडझाप करायला लावून, बारीक सुईतून जोराने ओढलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि आकडा खोटाच वाढतो. मे 2024च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवले आणि देशभर बातमी झाली. संवेदक बिघडल्याचा खुलासा नंतर हवामान खात्याने केला. यंत्राचा आकडा आणि समोरचे वास्तव जुळत नसेल तर पुन्हा मोजायचे, ही शिस्त प्रयोगशाळेच्या कागदालाही लागू आहे. मात्र ईसीजीत टोकदार लाटा दिसत असतील तर दुसऱ्या अहवालाची वाट पाहायची नसते. मॉनिटर लावून कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू, मग ग्लुकोजसह इन्सुलिन, सालब्युटामॉलची वाफ, गरज पडल्यास डायलिसिस. इन्सुलिननंतर पुढचे काही तास साखर तपासत राहणे हेही त्या उपचाराचाच भाग, आणि तो पूर्णपणे परिचारिकेच्या हातात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला भेटायला येणारा नातेवाईक प्रेमाने नारळपाणी आणतो. त्यात पोटॅशियम भरपूर असते, हे त्याला न दुखावता समजावणे हीसुद्धा परिचर्या आहे.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा उल्लेख थोडक्यात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या आल्या आणि रक्तदाबाचा पट्टा फुगवल्यावर हाताची बोटे आवळली, तर कॅल्शियम उतरले आहे. कॅल्शियम देताना शीर सुटली तर आजूबाजूची कातडी जळते, म्हणून सुईची जागा सतत पाहावी. प्रसूतिवॉर्डात झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट देताना प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी : गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग, लघवीचे प्रमाण. यातली एक जरी बिघडली तरी डोस थांबवायचा आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे.

‘एक सलाईन लावा’

गावोगावी ही मागणी ऐकू येते. अशक्तपणा आला, चला बाटली लावू. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरच्या आत उष्मांक. ‘ताकदीची बाटली’ म्हणून मजुरीचे पैसे मोजून घेतलेले हे द्रव्य एका भाकरीइतकेही पोषण देत नाही. त्याउलट शिरेला सूज, जंतुसंसर्ग, हृदयरोग्याच्या फुप्फुसात पाणी भरणे हे धोके खरे आहेत.

बाटल्याही एकसारख्या नाहीत. नॉर्मल सलाईनच्या लिटरमध्ये 154 सोडियम आणि तितकेच क्लोराइड असते. क्लोराइड रक्ताहून बरेच जास्त असल्याने खूप दिल्यास रक्त आम्लधर्मी होते. आरएल रक्ताच्या अधिक जवळचे, पण त्यात कॅल्शियम असल्याने रक्त चढवण्याच्या नळीतून ते देऊ नये. डेक्स्ट्रोजमधली साखर शरीर वापरून टाकते आणि मागे नुसते पाणी उरते. सोडियम उतरलेल्या रुग्णाला ते दिले तर अपाय होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2013 मध्ये द्रव देण्यामागचे हेतू वेगळे करून सांगितले : संकटातून बाहेर काढणे, रोजची गरज, गळतीची भरपाई, शरीरातल्या वाटपातला बिघाड, आणि या सगळ्यांवर फेरतपासणी. कोणत्या हेतूने बाटली लावली हे कागदावर नसेल तर ती कधी काढायची हेही कोणाला कळत नाही.

भाजलेल्या रुग्णात हा हिशेब सर्वांत कडक असतो. किलो गुणिले भाजलेली टक्केवारी गुणिले चार मिली, हे पहिल्या चोवीस तासांचे आरएल. त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नव्हे. साठ किलोचा, तीस टक्के भाजलेला कामगार अपघातानंतर दोन तासांनी पोहोचला तर 7200 मिलीपैकी 3600 मिली उरलेल्या सहा तासांत जायला हवे, तासाला 600. सूत्र केवळ सुरुवात करून देते. पुढचा वेग लघवी ठरवते : प्रौढात किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे या माणसाला 30 मिली. म्हणून अपघाताची वेळ विचारून ठळक लिहिणे हे पहिल्या प्रथमोपचारकाचे काम आहे. ती वेळ चिठ्ठीवर नसेल तर नागपूरच्या ‘मेडिकल’ रुग्णालयात किंवा सेवाग्रामला पोहोचल्यावर सगळे गणित अंदाजाने करावे लागते.

नोंद हाच उपचार

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. पाणी-क्षारांच्या बिघाडात त्या प्रकरणाचे मोल आजही तसेच आहे. आत गेलेले आणि बाहेर आलेले लिहिण्याचा तक्ता, म्हणजे वॉर्डाच्या बोलीतला आय-ओ चार्ट, हा सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. ‘लघवी झाली’, ‘पाणी प्यायला’ अशा नोंदी काहीच सांगत नाहीत. किती मिली, किती वाजता, कोणत्या रंगाची, हे हवे. उलटी, जुलाब, ड्रेनमधला द्रव, औषधे विरघळवायला वापरलेले पाणी, चहा, पेज, सगळे त्यात यायला हवे. रोजचे वजन एकाच वेळी, एकाच काट्यावर, लघवीनंतर, तेवढ्याच कपड्यांत.

थेंबांचेही गणित आहे. मिलीला वीस थेंब देणाऱ्या सेटमधून लिटरभर द्रव आठ तासांत द्यायचा तर मिनिटाला सुमारे 42 थेंब. रुग्णाने हात वाकवला, खाट वर केली, नातेवाइकाने ‘लवकर संपू दे’ म्हणून चाक सैल केले, की हा आकडा बदलतो. म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून तासागणिक पातळीच्या खुणा करण्याची जुनी पद्धत पंप नसलेल्या प्रत्येक वॉर्डात परत यायला हवी.

नोंद करायला मात्र माणसे लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीत भरलेल्या वॉर्डाला एक-दोन सिस्टर असतील तर दर तासाची लघवी कोण मोजणार? मग सकाळच्या राउंडआधी तक्ता एकदम भरला जातो आणि डॉक्टर त्या आकड्यांवर पुढचे द्रव ठरवतात. यात त्या सिस्टरला दोष देणे अन्यायाचे आहे. दोष त्या व्यवस्थेचा, जी बाटलीला पैसा देते आणि पाहणाऱ्या नजरेला देत नाही.

बुटीबोरीपासून काय सुरू करता येईल

या आढाव्यातून निघणारी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. प्रत्येक कारखान्याच्या उपचारकक्षात वजनकाटा, खऱ्या सूत्राचे ओआरएस, बर्फ आणि शरीराचे आतले तापमान मोजण्याची सोय असावी. एप्रिल ते जूनमध्ये नव्या आणि कंत्राटी कामगारांची उन्हाची सवय टप्प्याटप्प्याने करून घेण्याची जबाबदारी लेखी ठरवावी, कारण ऊन लागणारा बहुतेकदा तोच असतो. कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत रुग्णासोबत एकच चिठ्ठी जावी : त्रास कधी सुरू झाला, काय आणि किती दिले, लघवी झाली का, कोणत्या रंगाची. परिचर्येच्या विद्यार्थ्यांना आय-ओ चार्ट परीक्षेपुरता न शिकवता खऱ्या रुग्णाचा चोवीस तासांचा हिशेब जुळवायला लावावा. वाढलेले पोटॅशियम किंवा घटलेली लघवी दिसताच सिस्टरने मध्यरात्री डॉक्टरांना उठवले तर तिला रागवणे नव्हे, शाबासकी मिळावी. आणि मंजूर पदे भरावीत. बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

बनगावच्या छावणीत पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी जे घडले त्याने एक गोष्ट सिद्ध केली : या बिघाडांतले बहुतेक मृत्यू टाळता येतात आणि त्यासाठी लागणारे साहित्य गरिबाच्या घरातही असते. तिथे कमी पडली होती बाटली, आणि लोकांनी जवळ बसून ती उणीव भरून काढली. आज बुटीबोरीच्या मेडिकलच्या दुकानांत बाटल्या आहेत, पाकिटे आहेत. आता सरकारने, कारखानदारांनी आणि रुग्णालय चालवणाऱ्यांनी रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसासाठी पैसा, पदे आणि मान यांची तरतूद करावी. पुढचा उन्हाळा येण्याआधी हे झाले पाहिजे.